माळ्यावरचा जुना संगणक

वाचकहो, गेल्या अंकात आपण मुदत संपलेल्या औषधांची विल्हेवाट कशी लावावी, याचा विचार केला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका आजींच्या पत्रातील प्रश्न या लेखाला निमित्त झाला आहे. त्या लिहितात, "औषधांचे समजले. परंतु मुलाने पुण्याहून आणून ठेवलेला संगणक चार वर्षे आमच्या माळ्यावर पडून आहे. दारावर येणारा भंगारवाला त्याचे तीनशे रुपये द्यायला तयार आहे. देऊन टाकू का?"

आरोग्यविषयक सदरात संगणकाचे काय काम, असे काहींना वाटेल. परंतु हा प्रश्न आरोग्याचाच आहे, आणि तो विशेषेकरून ज्येष्ठांच्या घरातला आहे. आमच्या शेळगावसारख्या गावांतून मुले शिक्षणासाठी बारामतीला आणि नोकरीसाठी पुण्याला जातात. तेथील सदनिकेत जागा अपुरी असते. म्हणून नवा संगणक घेतला की जुना गावच्या घरी येतो. "दादा, असू द्या तिकडेच, पुढेमागे उपयोगी पडेल," असे सांगून मुलगा परत जातो. तो उपयोग कधी होत नाही. मागोमाग जुना लॅपटॉप येतो, मग बंद पडलेला प्रिंटर, मग यूपीएस. अशा रीतीने शहरातील यंत्रांचा शेवटचा मुक्काम गावच्या माळ्यावर होतो, आणि त्यांचे पुढे काय करावयाचे हा निर्णय आपसूकच घरातील सत्तरीच्या आजी-आजोबांवर येऊन पडतो.

त्या आजींना माझे थोडक्यात उत्तर असे : संगणक अखंड आहे तोपर्यंत त्यापासून तुम्हांला भय नाही. तो फोडला, जाळला किंवा पुरला की मात्र त्यातील विष मोकळे होते. म्हणून तो फुटणार नाही, जळणार नाही, अशाच हाती तो गेला पाहिजे. याची कारणे आणि रीत आता सविस्तर पाहू.

संगणकाच्या पोटात काय असते?

जुन्या काळचा, पाठीमागे फुगीर असलेला पेटीसारखा मॉनिटर अनेक घरांत अजून आहे. त्याच्या काचेच्या नळीत किरणोत्सर्ग अडवण्यासाठी शिसे मिसळलेले असते. एका मॉनिटरमधील हे शिसे एक-दोन किलो किंवा त्याहूनही अधिक भरते. संगणकाच्या पेटीतील हिरव्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, बारीक बारीक भाग डाख देऊन बसवलेले असतात. जुन्या यंत्रांतील हा डाख कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा असे. नंतर आलेल्या काही चपट्या मॉनिटरांत प्रकाशासाठी बारीक नळ्या असत; त्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो. यूपीएसमध्ये शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी असते, लॅपटॉपमध्ये लिथियमची. यंत्राच्या प्लास्टिकने सहज पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने घातलेली असतात.

भारतात शिसे, पारा, कॅडमियम इत्यादींच्या प्रमाणावर मर्यादा घालणारे नियम २०११ साली झाले आणि ही मर्यादा मे २०१४ पासून अमलात आली. त्यामुळे अलीकडची यंत्रे तुलनेने सौम्य आहेत. परंतु माळ्यावर जे असते ते बहुधा त्याआधीचे असते.

यातील बहुतेक द्रव्ये काच, धातू आणि प्लास्टिक यांत घट्ट बांधलेली असतात. ज्या खोलीत संगणक ठेवला आहे तेथे झोपल्याने कोणाला शिशाची बाधा होत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी घाईने माळ्यावर चढू नये. अपवाद बॅटऱ्यांचा, त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

धुराधुरात फरक असतो

गेल्या उन्हाळ्यात एक आजी आपल्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाच्या हातावर भाजल्याचा फोड होता आणि त्याला दोन दिवसांपासून खोकला लागला होता. विचारपूस करता समजले, की मित्रांसमवेत बांधावर पेटलेल्या पाचटात त्याने वायरी टाकल्या होत्या. संगणकाच्या, पंख्याच्या, मोटारीच्या अशा जमतील त्या वायरी जाळावयाच्या आणि उरलेले तांबे भंगाराच्या दुकानात विकावयाचे, हा त्यांचा सुट्टीतला उद्योग. आजींना त्यात विशेष काही वाटले नव्हते. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, धूर तर आमच्या चुलीचाबी असतो. ह्या धुरात येगळं काय?"

प्रश्न अगदी योग्य होता. चुलीचा धूरही फुप्फुसांना घातकच; परंतु वायरीचे आवरण बहुधा पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकचे असते. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती डोळे, घसा व श्वासनलिका यांना झोंबते. त्याचबरोबर डायॉक्सिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती शरीरातील चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षे राहतात. त्यांचा संबंध कर्करोगाशी आणि संप्रेरकांच्या बिघाडाशी आहे. जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगेही असत. ती राखेत उतरतात, राख मातीत मिसळते, आणि माती मुलांच्या हातांतून तोंडात जाते.

मदरबोर्डची गत याहून वाईट. त्यावर तांब्यासोबत अत्यल्प सोने व चांदी असते. ते काढण्यासाठी काही ठिकाणी पाटी शेगडीवर तापवून डाख वितळवतात, मग तीव्र आम्लात बुडवतात आणि उरलेले आम्ल गटारात किंवा नदीत ओततात. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. तेथे रामगंगेच्या काठी अशा पाट्या जाळण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले. दिल्लीतील सीलमपूर वस्तीही याच व्यवसायासाठी ओळखली जाते. आपल्या दारातून तीनशे रुपयांना गेलेला संगणक एका हातातून दुसऱ्या हाती जात कोणत्या शेगडीवर पोहोचेल, हे आपल्याला कधीच कळत नाही.

लहान मुलांची रक्ततपासणी काय सांगते?

या व्यवसायाचा माणसांवर काय परिणाम होतो, याचा एक ठळक अभ्यास चीनमधील आहे. ग्वांगडाँग प्रांतातील ग्वीयू या गावात घरोघरी जुने संगणक फोडण्याचा व्यवसाय चाले. शांटौ विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी तेथील सहा वर्षांखालील १६५ मुलांचे रक्त तपासले. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्वीयूच्या मुलांच्या रक्तात शिशाचे सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १५.३ मायक्रोग्रॅम होते. शेजारच्या, हा व्यवसाय नसलेल्या चेंडियन गावातील मुलांत ते ९.९४ होते. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम इतके प्रमाण आढळले तरी ते कोठून आले याचा शोध घेणे आवश्यक मानले जाते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही. ही मुले संगणक फोडत नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. फोडणाऱ्यांच्या अंगणात ती खेळत होती, एवढेच.

लहान मुलांचे शरीर पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत चार ते पाच पट भाग शोषून घेते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. आपल्याकडील मुलांत रक्तक्षय किती आढळतो, हे मी वाचकांना निराळे सांगावयास नको. वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, त्याचे लक्ष लागत नाही. आईवडील त्याला आळशी म्हणतात आणि मूळ कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. झालेली हानी पुष्कळदा पुरती भरून निघत नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत शिशाची वागणूक वेगळी आहे. रक्तातील शिसे महिना-दोन महिन्यांत उतरू लागते, परंतु ते सर्वच बाहेर पडत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठते आणि तेथे दशकानुदशके राहते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात जागा देते. पुढे वयोमानाने हाडे ठिसूळ होऊ लागली, रजोनिवृत्ती झाली, किंवा मांडीचे हाड मोडून माणूस अनेक महिने अंथरुणाला खिळला, की हाडांतील कॅल्शियमबरोबर हे जुने शिसेही रक्तात उतरते. रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडे क्षीण होणे, हे त्याचे प्रौढांतील परिणाम. म्हणजे तारुण्यात बॅटरीच्या किंवा डाखकामाच्या कारखान्यात, रंगाच्या कामात वा भंगारात काम केलेल्या माणसाला त्याची बाधा निवृत्तीनंतर जाणवू शकते. अशी पार्श्वभूमी असलेल्या ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावी.

काळ्या मातीची आठवण

काहींना वाटते, की जाळू नये हे खरे, पण शेताच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन पुरले तर काय बिघडले? याचे उत्तर आपल्याच शिवारात आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरचा पट्टा हिरवा झाला. परंतु जेथे पाणी बेसुमार दिले आणि निचरा झाला नाही, तेथे क्षार वर आले आणि चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. ती जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी चर काढा, निचऱ्याचे पाइप टाका, अशी किती खटपट करावी लागते, हे शेतकरी वाचक जाणतात. क्षार निदान पाण्यात विरघळून निचऱ्यावाटे निघतात. शिसे मात्र मातीच्या वरच्या थराला धरून बसते. ते कुजत नाही, विरत नाही आणि सहजासहजी धुतलेही जात नाही. एका मॉनिटरने शिवार नापीक होईल असे मी म्हणत नाही. पण ज्या जमिनीत नातवंडांनी भाजीपाला पिकवावा अशी आपली इच्छा आहे, तेथे ही भर कशाला घालावी?

कायदा काय म्हणतो?

संयुक्त राष्ट्रांच्या मार्च २०२४ मधील अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणास गेल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करणाऱ्या देशांत चीन व अमेरिका यांच्यामागोमाग भारताचा क्रमांक लागतो.

भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम २०२२ मध्ये जाहीर झाले व १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचे मर्म असे, की वस्तू बनवून विकणाऱ्या कंपनीने तिच्या अंताचीही जबाबदारी घ्यावी. कंपन्यांनी किती ई-कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण घडवून आणले पाहिजे याचे वाढते लक्ष्य ठरवून दिलेले आहे : पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, त्यापुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. याचा ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की जुना संगणक रीतसर मार्गाने परत देऊ पाहणारा माणूस कोणावर उपकार करीत नाही किंवा कोणाचा उपकार घेतही नाही. ती व्यवस्था त्याच्यासाठीच आहे.

आधी विचारा : खरोखर निकामी झाला आहे का?

विल्हेवाटीपूर्वी एक पायरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक एकाएकी 'जुने' ठरले. परंतु अशा यंत्रात लिनक्स ही मोफत प्रणाली घालून ते आणखी काही वर्षे वापरता येते. आजोबांना कीर्तने ऐकावयाची आहेत, आजींना नातवंडांची छायाचित्रे पाहावयाची आहेत, यासाठी नवा संगणक लागत नाही. अनेकदा स्मृतीची एक पट्टी वाढवली किंवा जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, की मंद झालेले यंत्र पुन्हा कामास येते. तालुक्याच्या गावचा दुरुस्ती करणारा मुलगा हे थोड्या वेळात पाहून सांगू शकतो.

वस्तू जपून वापरण्याची आपल्या पिढीची सवय येथे उपयोगाची आहे. यंत्र जितकी वर्षे जास्त चालेल तितका नवा कचरा उशिरा निर्माण होतो. एक पथ्य मात्र पाळावे : शाळेला किंवा वाचनालयाला संगणक द्यावयाचा तर चालू स्थितीतला द्यावा. बंद पडलेली यंत्रे शाळेला देणे म्हणजे आपल्या माळ्यावरची अडगळ शाळेच्या माळ्यावर टाकणे होय.

माहिती पुसणे विसरू नये

ज्येष्ठांच्या संगणकात निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आधार व पॅन कार्डाच्या प्रती, बँकेची पत्रे, वैद्यकीय अहवाल असे बरेच काही असते. फाइल नुसती डिलीट केल्याने ती नाहीशी होत नाही. जाणकार ती परत मिळवू शकतो. ज्येष्ठांची आर्थिक फसवणूक करणाऱ्यांना असा ऐवज हवाच असतो. म्हणून प्रथम छायाचित्रे व आवश्यक कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत. मग ईमेल व बँकेच्या खात्यांतून बाहेर पडावे. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील 'रीसेट धिस पीसी' या पर्यायातून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून, 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करून सर्व माहिती पुसावी. हे काम नातवंडाला सांगावे आणि शेजारी बसून करवून घ्यावे.

संगणक सुरूच होत नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि स्वतःजवळ ठेवावी, किंवा माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या पुनर्चक्रीकरण केंद्राकडे ती सोपवावी. हातोडी घेऊन ती फोडू नये. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या कित्येकदा काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात.

घरात हाताळताना

आता बॅटऱ्यांविषयी. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, तळ वर उचलला गेला असेल किंवा कळफलक वाकला असेल, तर त्याचा चार्जर लावू नये, फुगवटा दाबू नये, त्याला छिद्र पाडू नये. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. लॅपटॉप घरातील लाकडी सामान, कपडे व गॅस यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा आणि लवकरात लवकर तंत्रज्ञाकडे न्यावा. बॅटरी काढलेली असल्यास तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. यूपीएस किंवा इन्व्हर्टरची बॅटरी मात्र बॅटरीविक्रेत्याकडे परत द्यावी. जुनी घेऊन नवीवर सूट देण्याची रीत तेथे आहेच. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियमही आहेत.

मदरबोर्डवर नाण्याएवढी चकचकीत चपटी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजून गंभीर जखम होऊ शकते. मूल लाळ गाळते, गिळताना रडते, खोकते. कधी कधी काहीच लक्षण दिसत नाही. अशा वेळी उलटी करवू नये, 'शौचातून पडेल' म्हणून वाट पाहू नये, क्ष-किरण व दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे. म्हणून घरात सुटे भाग मोकळे पडू देऊ नयेत.

जुना पेटीसारखा मॉनिटर दहा-पंधरा किलो भरतो. तो माळ्यावरून एकट्याने उतरवू नये. पाठ, हर्निया आणि तोल या तिन्ही दृष्टींनी साठीनंतर हे साहस बरे नव्हे. त्याच्या आतील भागांत वीज बंद केल्यावरही काही काळ भार शिल्लक राहतो. म्हणून तो उघडू नये. नळी फुटलीच तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, हातमोजे घालून तुकडे उचलावेत आणि ओल्या कापडाने धूळ टिपावी. कोरडा झाडू फिरवू नये. ज्यांना दमा आहे त्यांनी माळ्यावरची साफसफाई दुसऱ्यावर सोपवावी.

मग द्यावयाचा कोठे?

पहिला मार्ग म्हणजे ज्या कंपनीचा संगणक असेल तिचा. डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्या जुनी यंत्रे परत घेण्याची सोय ठेवतात. तिची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. दुसरा मार्ग नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राचा. अशा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. तिसरा मार्ग पुण्यातील संस्थांचा. पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशन ही संस्था 'ई-यंत्रण' या नावाने ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा करते. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा संकलनाचे उपक्रम राबवते. मुले सणासुदीला गावी येतात, तेव्हा परतीच्या गाडीत हा संगणक त्यांच्याबरोबर पुण्याला पाठवणे, हा शेळगावकरांसाठी सर्वांत सोपा उपाय आहे. ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने परत जाऊ द्या.

देताना तीन गोष्टी विचाराव्यात : नोंदणी आहे काय, पावती मिळेल काय, माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देता काय? नीट उत्तर न देणाऱ्याला नकार देण्यात संकोच नसावा.

येथे भंगारवाल्याविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. तो आपला शत्रू नव्हे. रद्दी, पत्रा, बाटल्या तो नेतो म्हणूनच आपली घरे व गावे स्वच्छ राहतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचकांच्या श्रमाला संघटित रूप मिळाले. 'स्वच्छ' ही तिच्यातूनच उभी राहिली. हेच हात योग्य साधनांसह आणि रीतसर व्यवस्थेत काम करू शकतात, हे त्यातून दिसले. आक्षेप माणसावर नाही. उघड्यावर जाळण्याच्या व आम्लात बुडवण्याच्या पद्धतीवर आहे. भंगारवाला ते तीनशे रुपये जेथून वसूल करतो, तेथे बहुधा कोणाचे तरी मूल जवळ खेळत असते. नोंदणीकृत केंद्र कमी पैसे देईल, क्वचित काहीच देणार नाही. तेथे यंत्र बंदिस्त जागेत सुटे केले जाते, धूळ व वाफ शोषून घेतली जाते, आणि पाट्या धातू वेगळे करणाऱ्या कारखान्याकडे जातात. त्याचा खर्च असतो. आपण सोडलेले दोन-तीनशे रुपये त्या खर्चातील आपला वाटा समजावा.

एकट्या घराला पुण्यापर्यंत जाणे अवघड. ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर. गावाने एकत्र येऊन मात्र हे सहज करता येईल. घटस्थापनेपूर्वी घरोघरी माळे झाडले जातातच. त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या एखाद्या कोरड्या, कुलूपबंद खोलीत सर्वांनी आपापली जुनी यंत्रे न फोडता आणून ठेवावीत, वहीत नोंद करावी, आणि नोंदणीकृत केंद्राची गाडी बोलवावी. एका संगणकासाठी गाडी येणार नाही; चाळीस घरांचा माल असेल तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शाळा, पतसंस्था, दूध संस्था आणि आम्हां डॉक्टरांचे दवाखाने यांनीही आपली यंत्रे त्यातच द्यावीत. ज्येष्ठ नागरिक संघाने हा विषय ग्रामसभेत मांडावा, अशी माझी विनंती आहे. गावात वेळ आणि शब्दाला वजन या दोन्ही गोष्टी ज्येष्ठांपाशीच अधिक असतात.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

घरातील मूल वायरी जाळण्यात किंवा जुनी यंत्रे फोडण्यात सामील झाले असेल, किंवा घराशेजारी असा व्यवसाय चालत असेल, आणि मुलात वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकेपणा, चिडचिड वा अभ्यासात एकाएकी घसरण दिसत असेल, तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्या मुलाला आठवड्यातून नेमाने लोह व कॅल्शियमयुक्त आहार मिळतो की नाही, हेही पाहावे. खेळून आल्यावर व जेवणापूर्वी हात साबणाने धुणे हा शिशाविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. भाजले असल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. त्यावर टूथपेस्ट वा शाई लावू नये.

पत्र लिहिणाऱ्या आजींना एवढेच सांगणे : भंगारवाल्याला रद्दी आणि पत्रा अवश्य द्या. संगणक मात्र तसाच झाकून ठेवा, आणि दिवाळीला मुलगा आला की त्याच्याकडून आतील माहिती पुसून घेऊन तो त्याच्या गाडीत चढवा. केंद्राची पावती छायाचित्र काढून पाठव, असे त्याला बजावून सांगा. पुढील अंकात आपण हिवाळ्यातील सांधेदुखीविषयी बोलू.